हॉकी खेळलेल्या बायकांची गोष्ट

आम्ही कोनच्या बायका बोलतोय. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालात की खाडी संपता संपता आमचं गाव लागतं. आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा होते. आधी हप्ते, मग चहा, मग गप्पा. मागच्या बैठकीत मात्र हप्त्यांची वही उघडीच राहिली आणि गप्पा आधी सुरू झाल्या.

झालं असं, की गटातल्या एका ताईची मुलगी सातवीत आहे. धावण्यात शाळेत तिचा हात कुणी धरत नाही. शाळेतल्या सरांनी तिच्या हातात हॉकीची काठी दिली आणि आता ते म्हणतात, हिला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा. निवड झाली तर पुण्याला वसतिगृहात राहायचं, तिथंच शाळा, तिथंच खेळ. आमच्यातल्या एका आजीनं विचारलं, "हॉकी म्हणजे ती सिनेमात मारामारीला घेतात तीच काठी ना गं?" सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर पोरीची आई जे बोलली त्यावर कुणालाच उत्तर सुचेना. ती म्हणाली, "बाराव्या वर्षी पोर घराबाहेर धाडायची. दहा-बारा वर्षं खेळेल. मग लग्न. मग त्या काठीचं आणि तिचं पुढं काय?"

म्हणून आम्ही ठरवलं, की ज्या बायका आपल्या आधी हॉकी खेळल्या त्यांचं काय झालं ते शोधायचं. शाळेतल्या सरांना विचारलं, शिकलेल्या सुनांनी मोबाईलवर वाचून दाखवलं, जुनी कात्रणं मिळाली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी खेळ थोडक्यात. एका बाजूला अकरा जणी, त्यातली एक गोल राखणारी. काठी खालून वाकडी, तिची एक बाजू सपाट, एक गोलसर. चेंडू फक्त सपाट बाजूनंच मारायचा. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. पूर्वी पस्तीस मिनिटांचे दोन असत. चेंडू दगडासारखा कडक. सारा वेळ कंबर वाकवून पळायचं. हे ऐकल्यावर एक मावशी म्हणाली, मग आपण भात लावताना करतो तेच की, फक्त पळत. अगदीच चुकीचं नाही.

आणखी एक गोष्ट. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे असं आपण सगळ्या शाळेत शिकलो. २०१२ साली एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात सरकारला विचारलं, तेव्हा उत्तर आलं की कुठल्याच खेळाला तसा दर्जा दिलेला नाही. माहितीचा अधिकार फक्त रेशन दुकानासाठी नसतो, हे आम्हाला तेव्हा पटलं.

हा खेळ इंग्रजांच्या फौजेबरोबर इकडे आला. मुंबईत आगा खान चषकाची स्पर्धा १८९६ पासूनची आहे. पुरुषांच्या संघानं १९२८ साली ॲम्स्टरडॅमला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आणलं आणि पुढे आणतच राहिले. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ मध्येच आली होती. बायकांची कधी आली? १९८० मध्ये. मधे बहात्तर वर्षं गेली. तोवर बायका खेळत नव्हत्या असं नाही. खेळत होत्या, फक्त त्यांच्यासाठी तिथं जागा नव्हती.

आपल्याकडे मुलींची हॉकी वाढली ती मिशनच्या शाळांत, कॉलेजांत आणि रेल्वेच्या वसाहतींत. ख्रिस्ती, पारशी, अँग्लो-इंडियन घरांतल्या मुली आधी उतरल्या, कारण तिथं मुलीनं गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून मैदानावर धावण्याला कुणी नाक मुरडत नव्हतं, किंवा कमी मुरडत होतं. कल्याणची रेल्वे वसाहत तर आमच्यासमोर, खाडीच्या पलीकडे. पण आमच्या आयांना तिकडं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जाणं तेवढं माहीत. मैदानाच्या कडेनं गेल्या असतील, आत बघायला सवड कुणाला होती!

आयुष्यभर हॉकी म्हणजे काय, हे बघायचं तर आधी बंगळुरूला जावं लागतं. एल्वेरा ब्रिटो. तिघी बहिणी, एल्वेरा, रिटा आणि मे, तिघीही हॉकी खेळायच्या. एल्वेराच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या मुलींनी १९६० ते १९६७ या काळात सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. १९६५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. हॉकीतल्या बायकांमध्ये तिच्याआधी फक्त ॲन लम्सडेनला, १९६१ मध्ये, म्हणजे तो पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी. पण आम्हाला एल्वेराबाईंचं पुढचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटलं. खेळणं थांबल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. राष्ट्रीय संघाच्या निवड समितीवर काम केलं, राज्याची महिला हॉकी संघटना चालवली. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तेव्हाही लोक त्यांच्याबद्दल बोलत होते ते हॉकीच्याच नावानं. निवड समिती म्हणजे काय, तर कुठल्या गावची पोर आत घ्यायची नि कुठली बाहेर ठेवायची हे ठरवणारी जागा. तिथं स्वतः खेळलेली बाई बसली तर पोरींकडे बघणारी नजर वेगळी असते. आमच्याकडे कर्ज मंजूर करायला गटातलीच बाई बसते तेव्हा जो फरक पडतो, तसाच.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९७४ साली फ्रान्समध्ये बायकांचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचा नंबर आला चौथा. हा 'चौथा' शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. त्यानंतर १९८० चं मॉस्को ऑलिम्पिक. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेसह बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता. बायकांच्या हॉकीत सहाच संघ उरले. भारताची कर्णधार पंजाबची रूपा सैनी. बाकी नावं आम्ही मोठ्यानं वाचली: एलिझा नेल्सन, रेखा मुंडफन, सेल्मा डिसिल्व्हा, मार्गारेट टोस्कानो, हुतोक्षी बागली, नाझलीन मद्रासवाला, वर्षा सोनी, लॉरेन फर्नांडिस... एका संघात केवढा देश मावला होता बघा.

ऑस्ट्रियाला त्यांनी २-० हरवलं, पोलंडला ४-०. चेकोस्लोव्हाकियाशी १-२ हरल्या. झिंबाब्वेशी १-१ बरोबरी. सोव्हिएत संघाशी १-३ हार. जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला एक, असा हिशेब होता. भारताचे झाले पाच, सोव्हिएत संघाचे सहा. आमच्या वहीवाल्या ताईनं लगेच मांडून दाखवलं: त्या सोव्हिएत संघाविरुद्ध नुसती बरोबरी झाली असती तरी आपले सहा आणि त्यांचे पाच, म्हणजे कांस्यपदक आपलं. दोन गोलांनी गेलं. पुन्हा चौथ्या.

सुवर्ण कुणी नेलं? झिंबाब्वेनं. तो देश त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतंत्र झाला होता. मोठे संघ येत नाहीत म्हणून काही आठवडे आधी त्यांना बोलावणं गेलं आणि घाईघाईत जमवलेल्या त्या बायका एकही सामना न हरता सोनं घेऊन गेल्या. घरी परतल्यावर प्रत्येकीला एक बैल मिळेल असं त्यांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात हातात पडलं मांसाचं पुडकं, असं त्या खेळाडूंनीच पुढे सांगितलं आहे. ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या बायका सगळ्यात जास्त हसल्या. कबूल केलेलं मोठं आणि हाती आलेलं लहान, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच मॉस्कोत आपल्या पुरुषांनी सुवर्ण जिंकलं. त्यामुळे बायकांचा चौथा नंबर कुणाच्या लक्षात राहिला नाही. दोन वर्षांनी मात्र उलटं घडलं, तरी निकाल तोच!

१९८२ ची दिल्लीची आशियाई स्पर्धा. त्यात बायकांची हॉकी पहिल्यांदाच आली होती. कर्णधार एलिझा नेल्सन, पुण्यात वाढलेली गोवेकर घरातली मुलगी. तिच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला ७-१ हरवलं. आता कुठल्याही साठीच्या पुढच्या माणसाला विचारा. ते सात गोल आठवतात. एलिझाचं सोनं आठवत नाही. आम्ही घरातल्या पुरुषांना विचारून बघितलं, म्हणून सांगतो. एकालाही आठवलं नाही. एलिझाला १९८३ साली पद्मश्री मिळाली, त्याआधी अर्जुन पुरस्कारही. सरकारदरबारी नोंद आहे, पण लोकांच्या तोंडी नाव नाही. 'चक दे इंडिया' तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्या सिनेमाचं बीज बायकांच्याच विजयात होतं. २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवीच्या संघानं यजमान इंग्लंडला ३-२ हरवून सुवर्ण जिंकलं आणि त्याची फारशी बातमीच झाली नाही, हे लेखकाला खटकलं होतं. तरी सिनेमात आपल्याला सगळ्यात जास्त कोण लक्षात राहतं? शाहरुख.

आता रेखा मुंडफन. पुण्याची, मॉस्कोच्या संघातली, १९७९-८० ची अर्जुन पुरस्काराची मानकरी. तिच्याबद्दल शोधताना आम्ही अडलो. मुंडफन नावानं मॉस्कोपर्यंत माहिती मिळते आणि मग धागा तुटतो. नंतर सर म्हणाले, अहो, रेखा भिडे म्हणून बघा. लग्नानंतरचं नाव. मग दिसलं की बाई कुठं गेलेली नव्हती, पुण्याच्या हॉकीत ऑलिम्पिकपटू म्हणून ते नाव घेतलं जातच होतं. कागदावर मात्र एका बाईच्या दोन बायका झाल्या होत्या. आमच्या गटात निम्म्या जणींच्या आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बँकेत खातं उघडताना जो त्रास होतो तोच इतिहासातही होतो. खेळाडू बाईचं लग्न झालं की ती संपली असं लोकांना वाटतं, त्यातलं थोडं या नावांमुळेही असेल, असं आम्हाला वाटतं.

पोरीच्या आईचा प्रश्न पुढं काय असा होता. तर पुढं जे जे आहे त्यात नोकरी सगळ्यात वर. आपल्या देशात बायकांची हॉकी टिकवली ती बऱ्याच अंशी रेल्वेनं. खेळाडू म्हणून मुलीला नोकरी लागली, महिन्याचा पगार घरी यायला लागला, की सासर-माहेर दोन्हीकडे खेळाकडे बघण्याची तऱ्हा बदलते. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षं सगळ्यांना भारी पडला, तो यामुळेच. पगार नसता तर त्यातल्या किती जणी पंचविशीनंतर मैदानावर दिसल्या असत्या? महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवावं लागतं आणि त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. आपल्या घरात कागद पत्र्याच्या पेटीत भिजतात, तसं चालणार नाही.

१९८० नंतर काय झालं, ते वाचून वाईट वाटतं. बायकांचा संघ पुढच्या ऑलिम्पिकला पोचला तो थेट २०१६ मध्ये, रिओला. छत्तीस वर्षांनी. तिथं शेवटचा, बारावा नंबर. कारणं अनेक आहेत, पण एक आपल्या पायाखालचं आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी मातीवर-गवतावर न होता प्लॅस्टिकच्या कृत्रिम गवतावर व्हायला लागली. ते अंथरायला कोटींत पैसा लागतो, वर पाणी मारावं लागतं. मातीवर शिकलेली पोर त्यावर उतरली की चेंडू तिच्या अंदाजाच्या आधी निघून जातो. ज्या शाळेत साधं मैदान नाही ती हे कुठून आणणार? आमच्याकडे तर भाताच्या शेतांची गोदामं झाली. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, कुठंही बघा. लंगडी खेळायची त्या जागेवर आता ट्रेलर वळतात. उरलेल्या मोकळ्या जागेत रविवारी मुलगे क्रिकेट खेळतात, मुली बघतात.

मग २०२१. टोकियो. राणी रामपालच्या संघानं ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं आणि पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून ३-४ अशी हार. चौथ्या. आमच्यातल्या काही जणींनी तो सामना मोबाईलवर पाहिला होता, मुली मैदानातच रडत होत्या तेही. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, की एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या बायकाही तिथंच येऊन थांबल्या होत्या.

राणी हरियाणातल्या शाहबादची. वडील गाडा ओढायचे. तिनं स्वतः सांगितलंय, की पहाटे सरावाला जायचं तर घरात घड्याळ नव्हतं, म्हणून आई जागी राहायची आणि आकाशाकडे बघून वेळ ठरवून तिला उठवायची. सरावाला येताना रोज अर्धा लीटर दूध आणायला सांगितलेलं, घरी परवडायचं जेमतेम पावशेर. ती त्यात पाणी घालायची. ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा कुणी हसलं नाही. त्या आईचं नाव कुठल्या संघाच्या यादीत नाही, पण ती रोजच्या रोज त्या सामन्यात होती.

अशीच दुसरी आई आपल्या पुण्याच्या खडकीतली. धनराज पिल्लेचं नाव तुम्हाला माहीत असेल: चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, १९९८ ला बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. भावंडं तुटक्या काठ्या जोडून आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळायची. आई अंदालम्मा. तमीळ घरातली बाई. मुलांना खेळू दिलं, ओढाताणीतही अडवलं नाही. धनराजच्या चरित्राचं नावच आईला उद्देशून आहे, 'फरगिव्ह मी अम्मा'. आई, मला माफ कर. एवढा मोठा खेळाडू आईकडे कसली माफी मागतो, यावर आमची बरीच चर्चा झाली. पुस्तक आम्ही वाचलेलं नाही, तेव्हा ती चर्चा इथं सांगत नाही.

टोकियोच्या त्या संघात महाराष्ट्राची एकही मुलगी नव्हती. जिथून एके काळी एलिझा आणि रेखा गेल्या तिथून एकही नाही! आणि मग एकदम नावं यायला लागली, तीही मुंबई-पुण्याच्या शाळांतून नव्हे. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातून. आसू गावची वैष्णवी विठ्ठल फाळके. वाखरीची अक्षता आबासो ढेकळे. ऋतुजा दादासो पिसाळ. अक्षता २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ज्युनिअर विश्वचषकात खेळली, आणि तिथंही भारताचा नंबर काय आला असेल? चौथाच. ऋतुजा २०२३ च्या जूनमध्ये जपानला ज्युनिअर आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होती. अंतिम सामन्यात कोरियाला २-१ हरवलं. वैष्णवी त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत खेळली, जपानला २-१ हरवून कांस्यपदक मिळालं. शेतकरी घरातल्या मुली. गावाच्या शाळेत कुणीतरी पारखलं, मग पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या.

त्यांची नावं संघाच्या यादीत पूर्ण छापली जातात, मधे वडिलांचं नाव घालून, आपल्या पद्धतीप्रमाणे. म्हणजे विठ्ठल, आबासो आणि दादासो चीन-जपानला जाऊन आले. त्यांच्या आया घरीच राहिल्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारनं आईचं नाव वडिलांच्या आधी लावायला सांगितलंय. पुढच्या एखाद्या संघाची यादी बघायला मजा येईल.

सगळं चांगलंच आहे असंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला आपला महिला संघ जाऊच शकला नाही. रांचीच्या पात्रता सामन्यात जपानकडून ०-१ हरल्या. वैष्णवीसारख्या मुलींची त्या वयातली एक संधी गेली. खेळात असं होतं, आणि चार वर्षं थांबणं म्हणजे वीस-बावीसच्या मुलीसाठी किती असतं ते तिच्या घरच्यांना विचारा; पाहुणे रोज येत असतात.

हे सगळं आम्ही परवाच्या बैठकीत सांगितलं. पोरीच्या आईनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "खर्च किती?" सरांनी सांगितलं, निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण, प्रशिक्षण सरकारकडून. वय आठ ते चौदा. चाचणीत उंची, वजन, तीस मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, आठशे मीटर धावणं असं बघतात. हॉकी येतेच असं नाही, अंगात काय आहे ते बघतात. सुट्टीत घरी येता येतं. मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षक आहे का, रात्री फोन लागतो का, आजारी पडली तर कोण बघतं, हे आम्ही स्वतः जाऊन विचारणार आहोत. ऐकीव गोष्टीवर पोर पाठवणार नाही.

आजी शेवटपर्यंत गप्प होती. उठताना तिनं पोरीकडून काठी मागून घेतली, हातात तोलली आणि म्हणाली, "जड नाही गं फार. मला वाटलं जड असंल."

आठशे मीटरचा सराव म्हणून पोरगी आता पहाटे खाडीच्या बाजूच्या रस्त्यानं धावते. ट्रक सुरू व्हायच्या आत परत यावं लागतं. एकटी नको म्हणून गटातल्या दोघी-दोघी पाळीपाळीनं तिच्यामागे चालत जातात. या आठवड्याची पाळी वहीत लिहिलेली आहे, हप्त्यांच्या पानाच्या मागे.